राक्षसाला डोकी किती द्यावीत

अद्भुत चित्रकथा म्हणजे जगात जे नाही ते कागदावर काढायचे, आणि पुढच्या चौकटीत ते पुन्हा हुबेहूब तसेच काढायचे. या व्याख्येचा पहिला भाग कोणालाही जमतो. पंखवाला गेंडा, उलटी वाहणारी नदी, सोन्याच्या दातांची चेटकीण हे सगळे चहा पिता पिता सुचते आणि त्याला खर्च येतो तो चहाचाच. खरा खर्च दुसऱ्या भागात आहे. दहा तोंडांचा राक्षस दरबारात आला, एवढे एका ओळीत लिहून कादंबरीकार मोकळा होतो आणि पुढची दोनशे पाने त्या तोंडांकडे ढुंकूनही पाहत नाही. चित्रकाराला मात्र राक्षस जितक्या चौकटींत येईल तितक्या वेळा दहाही तोंडे काढावी लागतात. तो रागावला की दहा कपाळांवर आठ्या आल्या, वीस भुवया आल्या. शिवाय मधले डोके मानेच्या रेषेत ठेवले की उरतात नऊ, म्हणजे एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला पाच. रावण काढायला बसलेल्या प्रत्येकाला या हिशेबाने छळलेले आहे. तोल साधायचा तर डोकी नऊ हवीत किंवा अकरा; पण दहा ठरवताना चित्रकाराला कोणी विचारले नव्हते. बाजूने काढावा तर नऊ डोकी एकामागे एक दडतात आणि लंकेचा राजा चारचौघांसारखा गृहस्थ दिसू लागतो.

तेव्हा अद्भुत पात्रे प्रतिभेच्या झटक्यात जन्माला येतात हा वाचकांचा गोड गैरसमज आहे. ती जन्मतात कल्पना आणि मनगट यांच्या तडजोडीतून, आणि या तडजोडीत मनगटाचे वकीलपत्र आळस घेतो. चित्रकथेच्या मुखपृष्ठावर लेखक आणि चित्रकार यांची नावे असतात; आळसाचे नाव छापण्याची पद्धत नाही, एवढेच.

अकिरा तोरियामा यांनी ते निदान बोलून तरी दाखवले. त्यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही जपानी चित्रमालिका १९८४ ते १९९५ एका साप्ताहिकात चालली. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला पाने हवीतच. ताप आला, पाहुणे आले, ही सबब चालत नाही. नायक गोकूचे केस काळे आणि चहूबाजूंनी उभे. प्रत्येक चौकटीत त्यांत शाई भरता भरता मदतनिसाचा बराच वेळ जाई. मग एका निर्णायक लढाईत गोकूच्या अंगी अपूर्व शक्ती संचारली आणि त्याचे केस सोनेरी झाले. काळ्यापांढऱ्या छपाईत सोनेरी म्हणजे कोरा कागद. जगभरची मुले त्या प्रसंगाने थरारली. मदतनिसाला काय वाटले असेल ते सांगायला नको. तोरियामांना इमारती काढायचाही कंटाळा होता. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय असा की लढाईच्या सुरुवातीलाच शहर उद्ध्वस्त करायचे, नाहीतर लढाईच ओसाड माळावर न्यायची. खिडक्या काढायचा कंटाळा आला म्हणून नगरे बेचिराख करणारा खलनायक पुराणांतही सापडायचा नाही.

होतकरू चित्रकथाकाराला हे कळायला वेळ लागतो, कारण तो सुरुवात नकाशापासून करतो. त्याची वही उघडली की पहिल्या पानावर डोंगररांगा, ‘शापित अरण्य’ आणि उगमापेक्षा मुखाशी अरुंद होत गेलेली एक नदी असते. पुढे नऊ पिढ्यांची वंशावळ, तेरा महिन्यांचे पंचांग, तीन राज्यांची नाणी आणि एका जमातीची स्वतंत्र लिपी. नायक येतो विसाव्या पानावर आणि तोही डावीकडे पाहताना, कारण चित्रकाराला उजवीकडचा चेहरा जमत नाही. त्याचे हात पाठीमागे असतात, कारण बोटे जमत नाहीत. घोडा गुडघाभर गवतात उभा असतो, कारण खूर जमत नाहीत. अद्भुत प्रदेशांत धुके फार पडते, त्यामागचे हवामानशास्त्र हे आहे.

नकाशाच्या समर्थनार्थ कादंबरीकार टॉल्किनचे नाव हमखास पुढे केले जाते. आपण नकाशापासून सुरुवात केली हे शहाणपणाचे झाले, अशा अर्थाचे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे, हे खरे. पण त्यांच्या ‘हॉबिट’ या कादंबरीचे पहिले वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका कोऱ्या पानावर उमटले होते. नकाशा नव्हता, नाणी नव्हती. बिळात राहणारा एक प्राणी तेवढा होता. तपासनीस कंटाळलेला असणे ही मात्र पूर्वअट दिसते.

पात्राची पहिली कसोटी सावलीची. आकृती आतून काळी भरली तरी कोण ते ओळखू आले पाहिजे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले जेफ स्मिथ यांची ‘बोन’ ही या बाबतीत अभ्यासण्याजोगी मालिका. तिचा नायक फोन बोन आणि त्याचे दोन चुलतभाऊ यांच्या आकृत्या स्मिथ लहानपणापासून काढत आले होते. गुळगुळीत पांढरे अंग, टक्कल, मोठे गोल नाक, बस्स. फोन बोनच्या अंगावर कपडाही नाही. पाठीवर फार तर एक पिशवी. धूर्त फोनी बोनला एक सदरा, त्यावर चांदणी. उंच, खुळा स्मायली एक जाकीट घालतो. तिघांचे हाड सारखेच, पण सदरा, पिशवी आणि उंची एवढ्यावर ते अंधारातही ओळखता येतात. हे काटकसरीचे शिक्षण स्मिथना अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात मिळाले. त्यांनी १९८६ मध्ये मित्रांबरोबर स्टुडिओ काढला होता आणि त्या धंद्यात सेकंदाला डझन-दोन डझन चित्रे काढावी लागत असल्याने नायकाला झालर लावायची हौस लवकर फिटते.

गंमत अशी की हे तीन पांढरे गोळे स्मिथनी नेऊन सोडले ते थेट राजघराणी, ड्रॅगन आणि शापांच्या दरीत. तिथली माणसे नीट माणसांसारखी, झाडे सावल्यांसकट, डोंगर खरेखुरे. फोनी बोनच्या उचापतींमुळे तिघांना गाव सोडून पळावे लागते, वाळवंटात टोळधाड येते, ते एकमेकांपासून हरवतात आणि दरीत पोचतात. वाटेत त्यांना एक नकाशा सापडतो, पण कथेचा गाडा चालतो तो फोनीच्या लोभावर. गावच्या गाईंच्या शर्यतीत, जिथे एक आजीबाई गाईंबरोबर स्वतः धावते, तो पैजा लावून गावाला लुबाडायला बघतो आणि ‘गूढ गाय’ म्हणून स्मायलीला गाईचा वेष चढवून उतरवतो. साम्राज्यावर संकट घोंघावत असताना वाचक दोन पायांच्या गाईची शर्यत पाहत बसतो, आणि त्या गावाचे पुढे काय होईल याची त्याला काळजी वाटू लागते ती इथूनच.

पोशाखाचा प्रश्न नवख्याला सोपा वाटतो. तो नायकाला चिलखत चढवतो, चिलखतावर नक्षी, नक्षीत सिंह, कमरेला सात बकला, खांद्यावर लोकरीची किनार. मुखपृष्ठ देखणे होते. चौथ्या पानावर बकला पाच होतात, नवव्यावर तीन, आणि तेराव्या पानावर नायकाला ‘हे चिलखत फार जड आहे’ असा साक्षात्कार होऊन तो ते नदीत टाकतो.

या बाबतीत ली फाल्क यांच्या फँटमने, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत ‘वेताळ’ म्हणून रुळलेल्या नायकाने, चांगला धडा घालून दिला. (मराठी मुलाच्या वाट्याला दोन वेताळ आले. ‘चांदोबा’तला झाडाला लोंबकळून प्रश्न विचारायचा, हा कवटीच्या सिंहासनावर बसून ठोसे द्यायचा. मुलांनी दोघांनाही गुण्यागोविंदाने नांदवले.) १९३६ मध्ये अवतरलेल्या या वेताळाचा पोशाख अंगाला चिकटलेला. ना घड्या, ना चुण्या. शरीर काढले की कपडे आपोआप काढून झाले. मुखवट्याच्या भोकांत बुबुळे नाहीत, त्यामुळे तो कुठे पाहतो आहे याचीही चिंता मिटली. ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळे नसतात, त्यावरून हे सुचले असे फाल्क सांगत. वास्तविक ग्रीकांनी ती रंगवलेली होती, रंग नंतर उडाला. जंगलातल्या गुंडांची दोन-अडीच हजार वर्षांनी पाचावर धारण बसली ती असल्या उडालेल्या रंगामुळे. पोशाखाच्या रंगाची कथाही तशीच. फाल्कच्या मनात करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पाने सुरू झाली तेव्हा तो जांभळा होऊन बाहेर आला. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत लाल. जंगलात लपण्यासाठी यांपैकी कोणता रंग उपयोगी पडेल हे त्या त्या देशांनी वेताळावर सोपवले. भारतात आल्यावर रंगापेक्षा भूगोल अडचणीचा ठरला, तेव्हा बंगालशी मिळतेजुळते मूळ नाव टाकून त्याचा देश ‘डेंकाली’ झाला, म्हणजे गल्लत नको.

याच्या उलट टोकाला नागराज. राज कॉमिक्सचा हा नायक १९८६ मध्ये आला आणि त्याच्या सुरुवातीच्या अंकांशी प्रताप मुळीक यांच्यासारख्या पुण्याच्या चित्रकाराचे नाव जोडलेले आहे. नागराजाचे अंग हिरवे आणि वर खवलेच खवले. ज्याला कोणाला ही खवल्यांची कल्पना सुचली, त्याला ती भरायला बसवले असते तर नागराज बहुधा गुळगुळीत कातडीचा निपजला असता.

एकटा नायक मात्र कितीही सोपा काढला तरी कथा पुढे सरकत नाही, कारण त्याला बोलायला कोणी नसते. मग तो स्वतःशी बोलतो आणि वाचक पान उलटतो. जोडीदाराचा प्रश्न कसा सुटतो याचा नमुना म्हणजे ॲस्टेरिक्स. १९५९ च्या उन्हाळ्यात लेखक रने गॉसिनी आणि चित्रकार आल्बेर उदेर्झो पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथल्या घरात बसून ‘पिलोत’ या नव्या नियतकालिकासाठी विषय शोधत होते. आधी एका जुन्या कोल्हेकथेवर बेत ठरला. पण ती दुसऱ्या कोणी आधीच काढलेली निघाली. वेळ थोडा उरला होता, म्हणून दोघे आपल्या इतिहासात शिरले आणि गॉल लोकांपाशी येऊन थांबले. उदेर्झोने रीतीप्रमाणे एक धिप्पाड, पिळदार योद्धा काढला. गॉसिनीला हवा होता बुटका, नाकेला, डोक्याने चालणारा माणूस. चित्रकाराने लेखकाचे ऐकले, पण धिप्पाड माणूस त्याच्या हातातून जाईना. तो पाठीवर दगडी स्तंभ घेऊन ओबेलिक्स म्हणून शेजारी येऊन उभा राहिला. पहिल्या गोष्टीत त्याला फारसे कामही नाही. पुढे त्यानेच अर्धी मालिका खाल्ली, रानडुकरांसकट. हा उदेर्झो जन्मला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटे होती, जादाची लहानपणीच काढून टाकली. आणि त्याला काही रंग नीट ओळखू येत नसत. चित्रकारासाठी लागणाऱ्या पात्रतेची यादी करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

याच मालिकेतला कुत्रा तर कोणी ठरवलेलाच नव्हता. ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्स पैज म्हणून देशाला प्रदक्षिणा घालायला निघतात, तेव्हा लुटेशिया शहरात, म्हणजे जुन्या पॅरिसमध्ये, मटणाच्या दुकानापाशी एक चिमुकले कुत्रे बसलेले दिसते. ते उठून त्यांच्या मागे लागते. पुढच्या पानावर ते आहे, त्याच्या पुढच्याही. लढाई होवो, बोट सुटो, ते एका कोपऱ्यात आहेच. त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. थेट शेवटच्या मेजवानीत ओबेलिक्सला ते दिसते आणि तो त्याला हाड देतो. सबंध पुस्तकभर चाललेला हा विनोद शब्दांशिवाय, निव्वळ कोपऱ्यातल्या रेघांत होतो. वाचकांना ते इतके आवडले की नावासाठी स्पर्धा घ्यावी लागली आणि ते इदेफिक्स झाले, इंग्रजीत डॉगमॅटिक्स. नऊ पिढ्यांची वंशावळ मांडून बसलेल्याला हे सांगू नये, त्याला त्रास होतो.

पात्रे उभी राहिली की येते जादू. जादूबाबत नियम एकच, आणि तो वाण्याकडच्या उधारीसारखा आहे: मिळते, पण मर्यादा असते. ॲस्टेरिक्सच्या गावाचा पुरोहित गेटाफिक्स शक्तीचे पेय बनवतो. ते प्याले की माणूस रोमन पलटणी उधळून लावतो; पण परिणाम काही वेळच टिकतो, आणि कृती पुरोहितालाच ठाऊक. या दोन अटींवर साऱ्या कथा उभ्या आहेत. पहिल्याच गोष्टीत रोमन त्याला पळवतात. एका गोष्टीत त्याच्या डोक्यात दगडी स्तंभ बसतो नि कृतीच विसरली जाते, आणि तो स्तंभ ओबेलिक्सने मदतीच्या सदिच्छेने फेकलेला असतो. एका गोष्टीत एक जिन्नस संपतो. जादू अमर्याद असती तर पहिल्याच पानावर रोम पडले असते आणि ॲस्टेरिक्स गावात मासळीवरून चाललेली भांडणे सोडवत बसला असता. ओबेलिक्स लहानपणी कढईत पडल्यामुळे त्याच्यावर पेयाचा परिणाम कायमचा झाला, म्हणून त्याला ते मिळत नाही. आणि जगातल्या सर्वांत बलवान माणसाचे दुःख काय, तर आपल्याला एक घोटही देत नाहीत. पात्र असे घडते. त्याला लहानपणी गाव जाळल्याची पार्श्वभूमी द्यावी लागत नाही.

खलनायकाविषयी थोडक्यात. काळा झगा, लाल डोळे आणि गडगडाटी हास्य एवढ्या सामग्रीवर तो दोन प्रसंग चालतो. तिसऱ्या प्रसंगी त्याला काहीतरी हवे असावे लागते, आणि ‘जगावर राज्य’ हे उत्तर वाचकाला पटत नाही, कारण राज्य मिळाल्यावर तो सकाळी उठून काय करणार हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. ‘बोन’मधले केसाळ, दातेरी उंदीर-राक्षस भयंकर आहेत, पण त्यांतल्या दोघांचा वाद असा की पकडलेला प्राणी अंडी-मलईच्या फ्रेंच ‘कीश’मध्ये घालून खावा की राक्षसाने असले नाजूक पदार्थ खाणे शोभत नाही. या वादात शिकार पळते. भूक सगळ्यांनाच कळते, म्हणून हे दोघे लक्षात राहतात. दरीचा मुख्य शत्रू कोण होता ते आठवायला वाचकाला पुस्तक पुन्हा उघडावे लागते.

आता कथा पानांवर बसवायची. इथे लेखक आणि चित्रकार एकच व्यक्ती असेल तर भांडण मनातल्या मनात होते, एवढाच फरक. लेखक लिहितो, ‘दहा हजार घोडेस्वार टेकडी उतरतात.’ चित्रकार एक टेकडी काढतो, मागे धूळ काढतो आणि एका म्हाताऱ्याच्या तोंडी घालतो, ‘बापरे, केवढे घोडेस्वार!’ आधी बारीक चौकटींचे कच्चे आराखडे करतात, त्यांत माणूस म्हणजे बटाटा आणि चार काड्या. कोणती घटना कोणत्या चौकटीत, हे तिथेच ठरते. डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार करकरते आणि पान उलटल्यावर दारात कोण ते कळते. ज्याने हे दार डाव्या पानाच्या मध्यावर करकरवले, त्याच्या भुताला वाचकाने आधीच समोरच्या पानावर पाहिलेले असते.

फुग्यांचाही हिशेब असतो. जो आधी बोलतो तो डावीकडे उभा असला की वाचन सुरळीत होते. नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न मागून. मराठीत आणखी एक पेच आहे. वेलांटी, रफार आणि मात्रा वर जातात, उकार आणि ऋकार खाली लोंबतात, त्यामुळे ओळींत अंतर जास्त सोडावे लागते आणि फुगा फुगत जातो. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी कोंबली की अक्षरे मुंबईच्या लोकलमधल्या माणसांगत उभी राहतात. मापाने काढला तर नायकाचे कपाळ झाकले जाते. ज्या नायकाला ‘दुर्दम्य’ आणि ‘मूर्तिमंत’ असे शब्द वापरायची सवय आहे, त्याला ठेंगू काढावे किंवा मितभाषी करावे. आवाजाच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत आहे. धप्प, धाडकन, खळ्ळ, फट्कन, चर्रर्र. ठोसा, दार, काच, थप्पड आणि कापड यांना वेगवेगळे आवाज आहेत. तरीही मराठी चित्रकथेत स्फोट झाला की बरेचदा रोमन लिपीतला ‘बूम’च छापून येतो, हे या विषयातले एक न उलगडलेले रहस्य आहे.

राहता राहिला शेवट, आणि बहुतेकांचा तो राहतोच. अद्भुत कथेत दर प्रसंगी एक नवे दार उघडते आणि मागची बंद करायला कोणी जात नाही. हायाओ मियाझाकींची ‘नाउसिका’ १९८२ मध्ये सुरू झाली. १९८४ मध्ये तिच्यावर त्यांनी स्वतःच सिनेमा काढला, तेव्हा चित्रकथा अर्धीही झाली नव्हती. मध्ये आणखी सिनेमे आले, चित्रकथा थांबत थांबत चालली आणि १९९४ मध्ये सात खंडांवर संपली. स्मिथनी ‘बोन’ १९९१ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापायला घेतली, कुठे थांबायचे हे ठरवूनच, आणि २००४ मध्ये ५५ व्या अंकावर ती थांबवली. तेराशेहून अधिक पाने झाली. त्या सगळ्या पानांवर फोन बोनला काढायला त्यांना एक नाक, दोन डोळे आणि एक पिशवी पुरली. चिलखत असते तर मालिका आजही चालू असती, किंवा तिसऱ्या अंकात बंद पडली असती.

ज्यांच्या वहीत नकाशा, नाणी आणि तेरा महिन्यांचे पंचांग तयार आहे, त्यांनी ती वही कपाटात ठेवावी आणि आधी आठ पानांची एक गोष्ट पुरी काढावी. नकाशातल्या एका गावाहून शेजारच्या गावी पोचायला आठ पाने पुरतात. घोडा मात्र घेऊ नये.